गॅस कमी आहे, हे मोजून सांगणारी माणसे

लातुरात माझी अभ्यासिका आहे. पहिल्या मजल्यावर दीड हजार चौरस फुटांचा एकच हॉल, नव्वद खुर्च्या, आणि छताच्या आत बसवलेली साडेपाच टनांची दोन डक्टेबल एसी युनिट्स. नीटची तयारी करणारी मुले सकाळी सहाला येतात ती रात्री अकराला उठतात, त्यामुळे मार्च ते जून या काळात माझ्या व्यवसायाचा निम्मा भरवसा या दोन यंत्रांवर असतो. यंदा एप्रिलच्या मध्यात, परीक्षा तोंडावर आलेली असताना, दोन नंबरचे युनिट पुन्हा एकदा थंड करेनासे झाले आणि ज्या एसी सर्व्हिस सेंटरबद्दल मी लिहितो आहे, त्याची मला गरज पडली. त्यांनी केलेले काम मी सलग तीन दिवस शेजारी उभा राहून पाहिले आहे. म्हणून हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहितो. ज्यांच्याकडे दुकान, दवाखाना, हॉल किंवा क्लास आहे आणि ज्यांना दरवर्षी 'गॅस कमी झालाय' हे वाक्य ऐकावे लागते, त्यांना तो उपयोगी पडावा अशी मनापासून इच्छा आहे.

आधीची हकिकत सांगणे आवश्यक आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये हे युनिट पहिल्यांदा बिघडले, तेव्हा एका मेकॅनिकला बोलावले होते. त्याने बाहेरच्या युनिटला दाब मोजणारा गेज लावला, काटा पाहिला, 'गॅस कमी आहे' असे सांगितले आणि अर्ध्या तासात गॅस भरून 5,500 रुपये घेतले. हवा थंड येऊ लागली, मीही समाधानाने पैसे दिले. यंदा फेब्रुवारीअखेर हंगाम सुरू करताना तेच युनिट पुन्हा गरम हवा फेकू लागले. पुन्हा तोच मेकॅनिक, तेच निदान, तेवढेच पैसे. त्यानंतर चार आठवडेही गेले नाहीत तोवर मार्चअखेर तिसरी खेप झाली. दहा महिन्यांचे अंतर चार आठवड्यांवर आले, याचा अर्थ काय होतो हे मला तेव्हाच कळायला हवे होते. एप्रिलच्या मध्यात मागच्या रांगेतली एक मुलगी येऊन म्हणाली, "काका, इकडं नुसता वारा येतोय, गार काहीच नाही," तेव्हा चौथ्यांदा गॅस भरायचा नाही असे मी ठरवले.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. खोलीतल्या कॉइलमध्ये तो उकळून उष्णता घेतो आणि बाहेरच्या कॉइलमध्ये, म्हणजे कंडेन्सरमध्ये, पुन्हा द्रव होऊन ती उष्णता सोडतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, किंवा बसवतानाच तो कमी भरलेला आहे, तिसरे कारण नाही. पाच वर्षे उत्तम चाललेल्या यंत्रात बसवतानाची चूक संभवत नाही. म्हणजे गळती शोधल्याशिवाय भरलेला प्रत्येक किलो गॅस हा फुटक्या घागरीत ओतलेल्या पाण्यासारखा होता. हे एवढे साधे तीनही वेळा मला कोणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

या सर्व्हिस सेंटरकडे फोन केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "गॅस याआधी किती वेळा भरलाय, आणि भरताना वजन केलं होतं का?" दोन्हींची उत्तरे दिल्यावर पलीकडच्या माणसाने स्पष्ट सांगितले की आम्ही आल्या आल्या गॅस भरणार नाही, आधी तपासणीचे 1,500 रुपये पडतील, काय निघते त्यावर पुढचा खर्च सांगू. मला हा सरळपणा आवडला. मात्र त्यांनी दिलेला दिवस पाळला गेला नाही. चार दिवस उशिरा आले, आणि एप्रिलमध्ये चार दिवस म्हणजे माझ्यासारख्याला फार होतात. मागच्या तीन रांगा रिकाम्या ठेवून मुलांना पुढे दाटीवाटीने बसवावे लागले. हंगामात सगळीकडून फोन येतात हे मान्य आहे, परंतु जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवावे, एवढी अपेक्षा चुकीची नाही.

एक वयस्कर मेकॅनिक आणि त्यांच्या हाताखालचा एक तरुण मुलगा असे दोघे आले. आल्यावर त्यांनी गेज बाहेर काढलाच नाही. आधी दोन्ही युनिट्सचे फिल्टर काढून धुतले, छताची फळी उघडून कूलिंग कॉइलवर बॅटरी मारून पाहिले, ब्लोअर पूर्ण वेगाने फिरतो आहे ना हे तपासले, आणि बाहेरच्या कंडेन्सरच्या जाळीतली धूळ पाण्याने काढली. मी घाई करीत होतो, तेव्हा त्या मेकॅनिकांनी शांतपणे समजावले की फिल्टर तुंबला तरी कॉइलवरून हवा कमी जाते, कॉइलला उष्णता मिळत नाही, आणि सक्शनचा, म्हणजे खोलीतल्या कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या वायूचा, दाब खाली येतो. गेजवर ते चित्र गॅस कमी असल्यासारखेच दिसते. अशा यंत्रात गॅस भरला तर तो जास्त होतो, मग द्रव गॅस कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून हवेचा मार्ग मोकळा केल्याशिवाय दाबाच्या आकड्याला अर्थ नसतो. आधीच्या तीन खेपांत फिल्टरला कोणी हातही लावला नव्हता, हे मला त्या क्षणी आठवले.

त्यानंतर त्यांनी जे केले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. माझ्याकडे एकाच मापाची, एकाच दिवशी बसवलेली दोन युनिट्स आहेत आणि त्यांतले एक उत्तम चालते आहे, याचा त्यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला. दोन्ही युनिट्स वीस मिनिटे चालू ठेवली आणि मग दोन्हींची मापे एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहिली. बाहेरचे तापमान तेव्हा 40 अंश होते. एक नंबरच्या युनिटमध्ये परतीची हवा 29 अंशांची आत जात होती आणि 18 अंशांची बाहेर येत होती, म्हणजे 11 अंशांचा फरक. दोन नंबरमध्ये 29 ची 24 होत होती, फरक अवघा 5. क्लॅम्प मीटरवर पहिल्याचा कॉम्प्रेसर साडेदहा अँपिअर घेत होता, दुसऱ्याचा साडेसात. कॉम्प्रेसरला ढकलायला गॅसच कमी असेल तर तो करंटही कमी ओढतो, असे त्यांनी सांगितले, पण लगेच जोडले की यावरून अजून काही ठरवायचे नाही.

मग दाब. आमच्या युनिट्समध्ये आर-410ए हा गॅस आहे. एक नंबरचा सक्शन 130 पीएसआय (हे दाबाचे एकक) आणि दोन नंबरचा 87. पूर्वीचा मेकॅनिक येथेच थांबला असता, किंबहुना तीनही वेळा येथेच थांबला. या मेकॅनिकांनी तांब्याच्या नळीवर तापमान मोजणारी क्लिप लावली आणि हिशेब मांडला. आर-410ए वर 130 पीएसआयचा दाब असेल तर तो साधारण 7 अंशांवर उकळतो. त्या युनिटची सक्शनची नळी 14 अंशांवर होती. म्हणजे कॉइलमधला सगळा द्रव उकळून झाल्यावर वाफ आणखी 7 अंशांनी तापली. यालाच सुपरहीट म्हणतात, आणि एवढा सुपरहीट निरोगी समजला जातो. दोन नंबरमध्ये 87 पीएसआयला गॅस उणे 4 अंशांवर उकळत होता, पण नळी मात्र 15 अंशांवर होती. फरक 19 अंशांचा. कॉइलमध्ये द्रव इतका थोडा येत होता की तो पहिल्याच काही फेऱ्यांत उकळून संपत होता आणि उरलेली कॉइल कोरडीच राहून गरम होत होती. त्यांनी मला शिडीवर चढून ती कॉइल दाखवली. जेथे द्रव आत शिरतो तेथे दोन-तीन नळ्यांवर पांढरा बर्फ धरला होता आणि त्यापलीकडची सगळी कॉइल हाताला कोमट लागत होती. फिल्टर तुंबल्यामुळे बर्फ झाला असता तर तो बहुतेक सगळ्या कॉइलवर पसरला असता, हेही त्यांनी तेथेच सांगितले.

मला वाटले, आता निदान झाले. परंतु त्यांनी आणखी एक माप घेतले, आणि ते का घेतले हे कळल्यावर मला त्यांच्याबद्दल खरा आदर वाटला. सक्शन कमी आणि सुपरहीट जास्त ही दोन्ही लक्षणे गॅस पुरेसा असूनही दिसू शकतात. लिक्विड लाइनमधला, म्हणजे कंडेन्सरकडून द्रव आणणाऱ्या नळीतला, ओलावा शोषणारा ड्रायर चोंदला असेल किंवा कॉइलमध्ये द्रव सोडणारा एक्सपान्शन व्हॉल्व्ह नीट उघडत नसेल, तरी कॉइलला द्रव कमीच मिळतो. फरक कळतो तो दुसऱ्या बाजूने. अडथळा असेल तर अडवलेला द्रव कंडेन्सरमध्ये साठून राहतो आणि थंड होत राहतो, गॅसच कमी असेल तर कंडेन्सरमध्ये साठायला द्रव नसतोच. एक नंबरच्या युनिटचा हाय साइडचा, म्हणजे कंडेन्सरच्या बाजूचा, दाब 446 पीएसआय होता, त्या दाबाला गॅस सुमारे 52 अंशांवर द्रव होतो, आणि लिक्विड लाइन 45 अंशांवर होती. हा 7 अंशांचा फरक म्हणजे सबकूलिंग. दोन नंबरमध्ये दाब 391, द्रव होण्याचे तापमान 46 आणि नळी साडेपंचेचाळीस. सबकूलिंग अर्धा अंश, म्हणजे जवळजवळ शून्यच. ड्रायरच्या दोन्ही टोकांना क्लिप लावून पाहिली, तेथे तापमानात फरक नव्हता, म्हणजे अडथळा नाही. कॉम्प्रेसरच कमजोर झाला असता तर सक्शन कमी न होता उलट वर राहिला असता, म्हणून तीही शंका गेली. एवढे झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा 'गॅस कमी आहे' हे शब्द उच्चारले.

सव्वा तास लागला होता. गेल्या वर्षभरात हेच तीन शब्द मी तीनदा ऐकले होते आणि ते खरेही होते. फरक एवढाच की तेव्हा तो अंदाज होता आणि आता ते मोजमाप होते. ज्याने अंदाजाने बरोबर सांगितले त्याला गळती शोधण्याची गरज वाटली नाही. ज्याने मोजून सांगितले त्याला पुढचा प्रश्न टाळता आला नाही.

गळतीचा शोध दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाला. आधी नळ्या जोडणारे सर्व फ्लेअर नट साबणाच्या पाण्याने तपासले, कारण सर्वाधिक गळत्या तेथेच सापडतात. आमचे नट कोरडे निघाले. मग ब्लोअर बंद करून, कारण वाहत्या हवेत गॅस पसरतो आणि यंत्राला त्याचा वास लागत नाही, त्यांनी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर हळूहळू नळीच्या खालच्या बाजूने फिरवला. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती असेल तेथून तो खाली उतरतो. तिसऱ्या रांगेच्या वर, छताच्या पोकळीत, डिटेक्टर वाजू लागला. तेथे दोन्ही नळ्या एका लोखंडी अँगलवरून जातात. वरून पाहिले तर काळा फोम जसाच्या तसा होता. त्या तरुण मुलाने ब्लेडने फोम उभा चिरला, तेव्हा आत सक्शनच्या नळीवर धुळीचा एक काळपट, तेलकट थर दिसला. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते, ते छिद्रातून झिरपते आणि धूळ धरून ठेवते, त्यामुळे तेलाचा डाग हा गळतीचा सर्वांत विश्वासू साक्षीदार असतो, असे ते म्हणाले. डागावर साबणाचे पाणी लावले. पाच-सहा सेकंद काही झाले नाही. मग मोहरीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा उगवला, ज्वारीएवढा झाला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा उगवला. मेकॅनिक मला म्हणाले, "बघा काका, तुमचे साडेसोळा हजार इथून गेले."

कारणही तेथेच दिसत होते. बसवताना नळी आणि अँगल यांच्यामध्ये रबर टाकलेले नव्हते. यंत्राच्या थरथरीने अँगलच्या कडेवर आधी फोम झिजला आणि मग पाच वर्षांत तांबे झिजले. युनिट कोणत्या कंपनीचे आहे याचा येथे काही संबंध नाही. दोष बसवणाऱ्याच्या घाईचा होता.

दुरुस्तीच्या पद्धतीबद्दल लिहिले नाही तर हा अभिप्राय अपुरा राहील, कारण चांगले निदान करूनही पुढचे काम उरकून टाकणारे लोक असतात. त्यांनी उरलेला गॅस हवेत सोडला नाही. रिकव्हरी यंत्र लावून तो वेगळ्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला आणि वजन केले. ते 2.6 किलो निघाले. युनिटच्या पाटीवर 4.2 किलो लिहिले आहे, आणि आमची नळी नेहमीपेक्षा साडेसात मीटर लांब असल्यामुळे कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे आणखी 400 ग्रॅम लागतात, म्हणजे एकूण 4.6. मार्चअखेर तो पूर्ण भरला होता असे धरले, तर चार आठवडेही पुरते झाले नव्हते आणि 2 किलो हवेत गेला होता. आर-410ए मुळे ओझोनच्या थराला धोका नाही, पण पृथ्वी तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून अधिक आहे. त्या 2 किलोंचा भार चार टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडएवढा होतो. माझ्या हॉलच्या छतातून, मुले खाली अभ्यास करीत असताना, हे घडत होते, याची मला खंत वाटते. मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय करारात 2016 साली झालेल्या किगाली दुरुस्तीनुसार असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत, भारताने 2021 मध्ये तिला मान्यता दिली, आणि आपल्याकडे 2028 पासून त्यांच्या वापराला कमाल मर्यादा लागू होणार आहे. तोपर्यंत गॅस महाग होवो न होवो, तो गळू न देणे हे आजच करता येण्यासारखे आहे.

झिजलेला तुकडा कापून तेथे जोड बसवला. ब्रेझिंग, म्हणजे तांब्याच्या नळ्यांचा डाग देऊन सांधा, करताना नळीतून नायट्रोजनचा हलका झोत चालू ठेवला होता. तसे केले नाही तर नळीच्या आत काळी खपली धरते आणि ती पुढे व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकते. ड्रायर नवा टाकला. नंतर सगळ्या यंत्रणेत 350 पीएसआयपर्यंत नायट्रोजन भरून ती रात्रभर तशीच ठेवली. येथे एक गोष्ट निक्षून सांगतो. काही ठिकाणी नायट्रोजनऐवजी वेल्डिंगच्या ऑक्सिजनने दाब देतात. यंत्रात तेल असते, आणि दाबाखालचा ऑक्सिजन व तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. तुमच्याकडे कोणी असे करू लागला तर त्याला तेथेच थांबवा.

तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला मी अभ्यासिका उघडली आणि आधी गच्चीवर जाऊन गेज पाहिला. काटा 350 वर नव्हता, 336 वर होता. माझ्या पोटात गोळा आला. गळती राहिलीच असे समजून मी लगेच फोन केला. मेकॅनिकांनी फोनवरच विचारले की आत्ता तेथे तापमान किती आहे. 26 अंश होते. आदल्या संध्याकाळी दाब दिला तेव्हा 38 होते. बंद भांड्यातला वायू गार झाला की दाब उतरतो. शून्य अंश सेल्सिअसपासून न मोजता निरपेक्ष शून्यापासून मोजले तर 311 वरून 299, म्हणजे सुमारे 4 टक्के घट होते. हवेचा स्वतःचा दाब धरून एकूण 364 पीएसआय, त्याचे 4 टक्के म्हणजे 14. 350 मधून 14 गेले, 336 राहिले. "उन्हं चढू द्या, काटा आपोआप वर जाईल," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुपारी ऊन चढल्यावर आम्ही दोघांनी मिळून पाहिले तेव्हा काटा पुन्हा 350 वर आला होता. शाळेत शिकलेला वायूचा नियम माझ्या गच्चीवर इतका तंतोतंत उतरलेला पाहून मला झालेला आनंद मी लपवत नाही. ज्याला हा हिशेब येत नाही तो एकतर नसलेली गळती शोधत बसतो, किंवा असलेली गळती 'रात्रीच्या गारव्यामुळे' म्हणून सोडून देतो.

नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढण्याचे व्हॅक्युमचे कामही त्यांनी नुसता तासभर पंप चालवून उरकले नाही. अगदी कमी दाब मोजणारा वेगळा मायक्रॉन गेज लावला आणि 500 मायक्रॉनच्या खाली, 420 पर्यंत नेले, मग पंपाची जोडणी बंद करून दहा मिनिटे वाट पाहिली. आकडा 470 वर जाऊन स्थिरावला. या गॅसबरोबर वापरले जाणारे तेल ओलावा फार लवकर शोषते, आणि ओलावा राहिला तर आत आम्ल तयार होऊन कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचे नुकसान होते. शेवटी गॅस वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून, द्रवरूपात, 4.6 किलो भरला. आर-410ए हे दोन वायूंचे समसमान मिश्रण आहे, वाफेच्या रूपात काढले तर दोन्ही अगदी त्याच प्रमाणात येतीलच असे नाही, म्हणून तो द्रव काढूनच भरतात. आधीच्या तीनही वेळा मी वजनकाटा पाहिल्याचे मला आठवत नाही.

चालू केल्यावर पुन्हा सगळी मापे घेतली. सुपरहीट 8, सबकूलिंग 7, हवेतला फरक 11 अंश, करंट साडेदहा. दोन्ही युनिट्सचे आकडे आता जुळ्या भावंडांसारखे होते.

एकूण खर्च 19,500 रुपये आला, त्यात तपासणीचे 1,500 धरलेले आहेत. आधीच्या तीन खेपांना 16,500 गेले होते. रक्कम थोडी नाही, पण बिलात गॅसचे वजन, नवा ड्रायर, ब्रेझिंग, नायट्रोजन आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेली आहे, आणि प्रत्येक ओळीसमोरचे काम मी डोळ्यांनी पाहिले आहे.

उणिवाही सांगतो. उशिराबद्दल वर लिहिलेच आहे. दुसरे म्हणजे मापांचा तो कागद मी मागितला म्हणून मिळाला, अन्यथा तो मेकॅनिकांच्या खिशातच राहिला असता. ज्या कामाचे सगळे मोल मोजमापात आहे, त्याचा कागद प्रत्येक ग्राहकाला न मागता मिळाला पाहिजे. तिसरे, काढून घेतलेल्या 2.6 किलो गॅसचे पुढे काय करणार, या प्रश्नाला 'वर्कशॉपला नेतो' एवढेच उत्तर मिळाले. तो गॅस शुद्ध आहे याची खात्री नसल्याने आमच्याच युनिटमध्ये परत न भरण्याचा निर्णय मला पटला, पण तो कुठे जातो हे बिलावर लिहून दिले तर त्यांच्याच प्रामाणिकपणाला बळ येईल. शिवाय छताची एक फळी काढताना कोपऱ्यात तुटली, ती त्यांनी विनातक्रार बदलून दिली, मात्र त्यासाठी मला दोनदा आठवण करावी लागली.

ज्यांना अशा सेवेची निवड करायची आहे त्यांना माझ्या अनुभवावरून एवढेच सुचवतो की फोनवरच विचारा: सुपरहीट आणि सबकूलिंग दोन्ही मोजणार का, गॅस वजन करून भरणार का, आणि गळती सापडली नाही तर काय करणार. ज्याच्याकडे नळीवर लावायची तापमानाची क्लिप नाही त्याला गॅस कमी आहे की नाही हे खात्रीने सांगता येत नाही, मग त्याचा अनुभव कितीही वर्षांचा असो. आणि कोणी एकाच वर्षात दुसऱ्यांदा गॅस भरायला निघाला तर त्याचा हात धरा.

दुरुस्तीनंतर सात आठवड्यांनी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, ते ठरल्याप्रमाणे पुन्हा येऊन गेले. दोन नंबरचे सबकूलिंग 7 वरच होते. त्याच वेळी त्यांनी न सांगता एक नंबरच्या नळीवरचा फोमही त्याच अँगलपाशी उघडून पाहिला. तेथेही फोम झिजून तांब्यावर एक चकचकीत रेघ उमटली होती, पण ती नखाला लागत नव्हती. त्यांनी खाली रबराची जाड पट्टी टाकली, नवा फोम गुंडाळला आणि त्या कामाचे 300 रुपये घेतले.